आजची तारीख

जळगाव, ८ एप्रिल १९९९

लीलाधर,

तुला तीन ईमेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. पुण्याच्या तुझ्या घरमालकीणबाईंना फोन केला तर त्या म्हणतात, मुलगा सकाळी येऊन झोपतो आणि संध्याकाळी निघून जातो, निरोप द्यायचा कधी? म्हणून कागदावर लिहून स्पीडपोस्टाने पाठवते आहे. ईमेल न वाचता ठेवता येतो. हे पाकीट तुला सही करून हातात घ्यावं लागेल.

गोलाणी मार्केटातला गाळा, तीन कॉम्प्युटर, स्कॅनर आणि लग्नपत्रिकांची अर्धवट कामं माझ्या गळ्यात टाकून तू न भेटता निघून गेलास. त्याचा राग तसाच आहे, पण आज तो काढायला वेळ नाही. चारूचं पान परत आलं आहे.

तू आता अमेरिकेच्या साइटी करतोस, इथलं विसरला असशील, म्हणून आठवण करून देते. परिचय मेळाव्यानंतर जानेवारीत आपण तुमच्या समाजाची वधू-वरांची साइट केली. फेब्रुवारीत तुझ्या बहिणीचा धुळ्याच्या योगराजशी साखरपुडा झाला आणि दुसऱ्याच दिवशी मी तिचं पान काढून टाकलं. पेढ्यांचा खोका मांडीवर घेऊन ती शेजारच्या स्टुलावर बसली होती. "गेले का गं मी?" असं दोनदा विचारून झालं. मी म्हटलं, गेलीस बाई, आता सुखाने नांद. तेच पान आज पुन्हा जागेवर आहे. नाव, शिक्षण, उंची, जन्मवेळ, अपेक्षा, सगळं तसंच.

ते पाहिलं योगराजच्या चुलतभावाने. धुळ्यात देवपूरला नवा सायबर कॅफे निघाला आहे, तिथे गंमत म्हणून त्याने साइट उघडली तर होणारी वहिनी समोर आणि तिच्या डोक्यावर आजची तारीख. तो तारखेचा प्रताप आपलाच. पान रोज ताजं दिसलं पाहिजे असा तुझा हट्ट, म्हणून मी चार ओळी लिहिल्या होत्या. ज्या कॉम्प्युटरवर पान उघडेल त्याच्या घड्याळातली तारीख वर उमटते. समाजाचे अध्यक्ष किती खूश झाले होते आठवतं? धुळ्याच्या मंडळींनी तीच तारीख वाचली आणि त्यांच्या परीने सरळ अर्थ लावला. साखरपुडा आमच्याशी झाला आणि बापाने आजच मुलीचं नाव पुन्हा नोंदवलं, म्हणजे याहून चांगलं स्थळ शोधताहेत. पोराने पान छापून घेतलं आणि योगराजच्या वडिलांच्या, रतिलालकाकांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी तुझ्या घरी फोन करून नको ते ऐकवलं.

आज सकाळी तुझे आबा सावद्याहून पहिल्या गाडीने आले. मी कुलूप काढत होते. त्यांनी आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. दारातूनच म्हणाले, "माह्या पोरीले बाजारात उभी केली का तुमी?" मी त्यांना समजावायला गेले तर, "मले काही समजावू नको. ते काढ. आत्ता काढ."

मला काढता येईना, कारण जाताना तू पासवर्ड बदललास. हे आबांना कसं सांगायचं? त्यांचं एकच म्हणणं, "गाळा तुमचा, मशीन तुमची, पान तुमी केलं, मंग काढता काहून येत नही?"

आणि मोडलं तर एकच लग्न मोडणार नाही. साटंलोटं आहे. योगराजची बहीण निर्मला तुला आणि तुमची चारू त्यांना, ९ मे, एकाच मांडवात. आबांनी शब्द दिला तेव्हा तू तिथेच बसला होतास. पुढे अधिक महिना लागतो, तेव्हा रुसवेफुगवे काढत बसायलाही सवड नाही.

फोनचा मीटर पळतो म्हणून मी चित्रं बंद ठेवून साइट उघडली. मजकूर शब्दन्‌ शब्द आपलाच आहे. माझा अंदाज असा की मुंबईच्या सर्व्हरवाल्यांचं यंत्र बिघडलं असणार आणि त्यांनी आपली जुनी प्रत परत चढवली असणार. पासवर्ड कळव. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

विशाखा

जळगाव, १३ एप्रिल

लीलाधर,

तुझं पत्र आलं. कंपनीच्या छापील कागदावर चार ओळी. सर्व्हरवाल्यांचीच चूक असेल, इकडे अमेरिकेतला क्लायंट डोक्यावर बसला आहे, सवड झाली की बघतो, आबांना म्हणावं काळजी करू नका. पासवर्ड नाही.

बहिणीचं लग्न मोडायला आलं आहे आणि तू सवड बघतोस. कमाल आहे.

तुझ्या घरमालकीणबाई बऱ्याच बोलक्या आहेत. त्यांनी सांगितलं की तुम्ही पंचवीस-तीस पोरं एका हॉलमध्ये बसता. कोणी नुसते मथळे करतो, कोणी नुसती बटणं, आणि अख्खं पान कोणाचंच नसतं. हे ऐकून मला तुझा हेवा वाटला. कोणाचंच पान नसेल तर जाब विचारायला तरी कोणाकडे जाणार? इथे पान आपलं होतं, मग लोक आपल्याच दारात येतात. आपण साइट बनवायला शिकलो, चढवायला शिकलो, रंग-बिंग सगळं शिकलो. पण एखाद्याचं पान चढवताना ते पुढे काढायचं कोणी आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे आपण कधी ठरवलंच नाही. मेळाव्याची पुस्तिका छापली की जुनी होते, लोक तिच्यावर पापड वाळत घालतात. हे पान जुनंच होत नाही. त्याला रोज नवी तारीख मीच लावून दिली आहे.

मुंबईला फोन लावला होता. तिथला मुलगा भला वाटला. म्हणाला, "मॅडम, आम्ही जुनी प्रत चढवलेली नाही. कोणीतरी पासवर्ड देऊनच आत आलं आहे." मग पासवर्ड बदलून द्या म्हटलं तर म्हणाला, "खातं बोरोलेसाहेबांच्या नावावर आहे, त्यांचीच सही लागेल." खातं तुझ्या एकट्याच्या नावावर आहे हे मला आज कळलं. बरं, ते असू दे. त्याने विचारलं, बोरोलेसाहेबांनीच चढवलं असेल तर? मी त्याच्यावर चिडले. म्हटलं, त्याची सख्खी बहीण आहे ती. कोणीतरी तुझा पासवर्ड ओळखला असणार, तू नेहमी सोपाच ठेवतोस.

चारू काल आली होती. क्लासचं निमित्त करून आली आणि कॉम्प्युटर चालू न करताच बसून राहिली. योगराजने तिला गावातल्या पीसीओवर फोन केला होता. त्याचा तिच्यावर विश्वास आहे, पण रतिलालकाका घरात कोणाशी बोलत नाहीत. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, खुलासा आला नाही तर साखरपुड्याचा नारळ परत पाठवतो म्हणाले आहेत.

मी तिला विचारलं, हा नाही तर दुसरा, एवढं काय अडलं आहे? ती म्हणाली, "मुलगी पाहायला आले तेव्हा आम्हाला पाच मिनिटं गच्चीवर पाठवलं होतं. त्यानं विचारलं, तुला काय नको आहे ते सांग. असं कोण विचारतं गं?" आणि रडायला लागली. मी तिला चहा पाजला आणि भुसावळपर्यंत सोबत केली. तिथून ती सावद्याला गेली आणि मी घरी दीपनगरला.

उद्या चौदा एप्रिल, जयंती, गाळा बंद आहे. परवापर्यंत पासवर्ड आला पाहिजे.

विशाखा

जळगाव, १५ एप्रिल

लीलाधर,

आज सकाळी मी चित्रं चालू करून ते पान उघडलं. आबांना छापून दाखवावं, म्हणजे लिहिलंय काय ते तरी त्यांना कळेल, एवढाच हेतू होता.

फोटो वरून खाली कसा सावकाश उतरतो ते तुला माहीत आहे. आधी आकाश दिसलं. मला वाटलं, आकाश कुठून आलं? मी चढवलेला फोटो स्टुडिओतला होता, मागे पडदा आणि बाजूला प्लॅस्टिकची फुलं. मग मेहरूणच्या तलावाचं पाणी उतरलं. मग चारूचं कपाळ, डोळे, हसणं. आणि शेवटी तिच्या खांद्यावर टेकलेला एक हात, मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ.

तो हात माझा आहे.

साखरपुडा झाल्यावर आपण तिघं मेहरूणला गेलो होतो, तेव्हाचा हा फोटो. म्हणजे मी ते पान काढून टाकल्यानंतरचा. रोल तू धुऊन आणलास, स्कॅन तू केलास, फ्लॉपी तुझ्या खिशात गेली. माझ्याकडे त्याची प्रतसुद्धा नाही. तू मागत राहा म्हणालास आणि मी मागत राहिले.

म्हणजे सर्व्हर बिघडलेला नाही आणि पासवर्डही कोणी ओळखलेला नाही. तू पुण्यात खुर्चीवर बसून बहिणीचा चांगला फोटो शोधलास, त्यातून मला कापलंस, हात तेवढा कापायचा राहिला. मग तिची उंची आणि जन्मवेळ पुन्हा टाइप केलीस, योग्य वर पाहिजे असं लिहिलंस आणि ते चढवलंस. हे चुकून होत नाही. याला एक अख्खी दुपार लागते. कुठल्या तरी बटणावर तुझा हात थांबायला हवा होता.

मी मुंबईच्या त्या मुलावर चिडले होते. आता त्याला फोन करून माफी मागू का?

का केलंस ते लिही. मला थोडा अंदाज येतो आहे आणि तो खरा निघू नये असं वाटतं आहे.

विशाखा

जळगाव, १९ एप्रिल

लीलाधर,

परवा तू फोन केलास. गाळ्यात दोन गिऱ्हाइकं पत्रिकेचा कागद निवडत बसली होती, म्हणून मी हो-नाही एवढंच बोलले. आता लिहिते.

तू म्हणालास, आबांसमोर माझं तोंड उघडत नाही. चारूचं मोडलं की माझंही आपोआप मोडतं, कोणाला काही सांगावं लागत नाही. चारू दिसायला चांगली आहे, तिला वर्षभरात दुसरं स्थळ मिळेल. योगराजच्या चुलतभावाला साइटचा पत्ताही तूच दुसऱ्या नावाने ईमेल करून कळवलास. आणि मग म्हणालास, "विशाखा, मी हे तुझ्यासाठी केलं."

तंत्रनिकेतनच्या शेवटच्या वर्षापासून तू मला सांगतो आहेस, थांब जरा, घरी बोलतो. मी थांबले. आमच्याकडे आईने दोन स्थळं आणली, दोन्हींत मी काहीतरी खोड काढली. तायड्यांची पोरगी जात ओलांडून बोरोल्यांच्या घरात सहज जाईल अशी माझी समजूत नव्हती. मला एवढंच वाटायचं की तू एकदा आबांसमोर उभा राहून माझं नाव घेशील. त्यांनी हाकललं असतं तर आपण दोघं मिळून गेलो असतो. हे तू कधी केलं नाहीस, आणि केलंस काय तर हे.

तरी फोन ठेवल्यावर मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. गिऱ्हाईक गुलाबी कागद दाखवत होतं आणि मी मनात म्हणत होते की आता फक्त गप्प बसायचं. काहीच करायचं नाही. मी काही मोडलेलं नाही, मी काही चढवलेलं नाही. नारळ आपोआप परत येईल आणि लीलाधर मोकळा होईल. तो सगळा दिवस मी त्याच विचारात होते.

काल आखाजी. चारूने बोलावलं होतं म्हणून सावद्याला गेले. तुमच्या मागच्या निंबाला झोका बांधलेला होता, गल्लीतल्या माहेरी आलेल्या सगळ्या पोरी गाणी म्हणत होत्या. चारू ओट्यावर बसून कैऱ्या चिरत होती. कोणीतरी तिला झोक्यावर ओढायला आली तर म्हणाली, मला चक्कर येते. आबांनी पितरांची घागर पुजली, ताट वाढून घेतलं आणि तसंच सारून उठले. मला म्हणाले, "पोरी, मी त्या धुळ्यावाल्याले कितीबी सांगतलं की म्या नाव दिलं नही. त्याले वाटते मी खोटा हाये. साठ वर्सांत मले कोनी खोटा म्हनलं नव्हतं."

तेव्हा आता ऐक. हे पत्र बुधवारी तुझ्या हातात पडेल. त्याच दिवशी आबांना फोन कर आणि पान कोणी चढवलं ते सांग. निर्मलाशी लग्न करायचं नाही हेही सांग. माझं नाव घ्यायची गरज नाही. योगराजने हट्ट धरला म्हणून रतिलालकाकांनी नारळ अजून आठवडाभर ठेवून घेतला आहे. तू बोलला नाहीस तर शुक्रवारी मी धुळ्याला जाणार.

मला थांबवायला फोन करू नकोस.

विशाखा

दीपनगर, २४ एप्रिल

लीलाधर,

तू आबांना फोन केला नाहीस. मी गुरुवारी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि काल धुळ्याला गेले. पारोळ्यापर्यंत एसटीत उभी होते. त्यामुळे काय बोलायचं ते ठरवायला वेळ मिळाला आणि त्यातलं काहीच शेवटी बोलले नाही.

योगराजला आधी कळवलं होतं. तो रतिलालकाकांना घेऊन देवपूरच्या कॅफेत आला. बरोबर निर्मलाही होती, तिला कोणी बोलावलं नव्हतं. कॅफे कसला, जिन्याखालची खोली, दोन मशीन. मालकाचं नाव पुना. मी ते पान उघडलं आणि काकांना म्हटलं, वरची तारीख वाचा. त्यांनी चष्मा लावून वाचली, तेवीस एप्रिल. मग मी कॉम्प्युटरचं घड्याळ उघडून वर्ष बदलायला लागले तर पुना धावत आला. "ताई, तारीख नका बदला हो, मना मशीनना बठ्ठा कारभार बिघडी जाई!" त्याला म्हटलं, दोन मिनिटांत परत लावून देते. १ जानेवारी १९८५ लावली आणि पान पुन्हा उघडलं. चारूचा फोटो, चारूची उंची आणि वर १ जानेवारी १९८५.

रतिलालकाका म्हणाले, "तेव्हा तर ही पोरगी फ्रॉक घालत असेल." योगराज हसला, पण काका हसले नाहीत. मी त्यांना सांगितलं की तारीख पानावर कोणी लिहिलेली नाही, ती बघणाऱ्याच्या मशीनमधून येते. आबांनी काही नोंदवलेलं नाही. त्यांना कॉम्प्युटरचं बटण कुठलं तेही माहीत नाही.

मला वाटलं होतं एवढ्यावर भागेल. पण ते व्यापारी माणूस. घरी नेलं, बसवलं, निर्मलाची आई सुगंधाबाई चहा घेऊन आल्या आणि मग त्यांनी विचारलं, "तारीख खोटी, मान्य. पण पान तर खरं आहे ना? तू म्हणतेस फेब्रुवारीत काढलं होतं. मग ते परत चढवलं कोणी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मशीनची चूक म्हटलं असतं तर त्यांनी मान्य केलं असतं. दोन्ही लग्नं पार पडली असती. तू निर्मलाच्या शेजारी मुंडावळ्या बांधून मुकाट बसला असतास आणि तिला जन्मभर कळलं नसतं की तिला टाळायला तू काय केलं होतंस. मी तिच्याकडे पाहिलं. साधी मुलगी आहे, बालवाडीत शिकवते, बोटांना खडू लागलेला होता. मी म्हटलं, "लीलाधरने."

काकांना वाटलं मी चुकीचं नाव घेतलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं.

"त्यानं असं कशाला करावं?"

"त्याला हे साटं नको होतं."

"मग तोंड नव्हतं त्याला? माझ्या घरी लाडू खाताना उघडलं तेव्हा दिसलं मला." मग आवाज खाली आणून विचारलं, "दुसरी कोणी आहे का?"

मी म्हटलं, "होती. आता नाही."

काकांना काही कळलं नाही. निर्मलाला कळलं. ती माझ्या हातातल्या घड्याळाकडे बघत होती, आणि तो फोटो तिने नुकताच कॅफेत पाहिला होता. ती उठली, माझ्या हातातली रिकामी कपबशी घेतली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, मला हा मुलगा नको. जो बहिणीला असं वाऱ्यावर सोडतो, त्याच्या घरी मी कोणाच्या भरवशावर जाऊ?"

मग जे व्हायचं ते झालं. काका म्हणाले, साटं एका बाजूने तुटत नाही, तुटलं तर दोन्हीकडून तुटतं, चारूही नको. योगराज म्हणाला, मी चारूशीच लग्न करणार, मांडव घालायचा नसेल तर घालू नका. बाप-लेकात जुंपली. सुगंधाबाई मध्ये पडल्या. "आपली पोर नको म्हणते, ते तिच्या मनाचं. त्या पोरीनं काय केलं? तिला तर सख्ख्या भावानं फसवलं." काका चपला घालून बाहेर निघून गेले. मी निघेपर्यंत परत आले नव्हते. त्यांचं काय ठरेल ते मला माहीत नाही.

घरी येऊन हे लिहिते आहे. कदाचित मी चारूचं लग्न वाचवायला गेले आणि पुरतं मोडून आले. पण एक गोष्ट आजच सांगून टाकते. साटं तुटलं तर तू मोकळा होशील, तुला हवं होतं तसं. मला फोन करू नकोस. त्या मोकळेपणात मी नाही. उद्या माझ्यापासून सुटायचं झालं तर तू माझं कुठलं पान कुठे चढवशील, याचा विचार करत मी परतीच्या एसटीत रडले.

विशाखा

जळगाव, ३ मे

लीलाधर,

पान गेलेलं पाहिलं. तेवढं तू केलंस. मुंबईच्या खात्याचे कागदही माझ्या नावावर करून पाठवलेस, ते मिळाले. त्याबरोबरची मोठी चिठ्ठी मी वाचली, तिला उत्तर नाही.

रतिलालकाका मंगळवारी स्वतः सावद्याला आले होते. दार लावून आबांशी दोन तास बोलले. बाहेर आले तेव्हा आबांचे डोळे लाल होते आणि काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. चारूचं लग्न ठरल्या दिवशी आहे, ९ मे, सावद्याला. निर्मलाचं आणि तुझं मोडलं. निर्मला करवली म्हणून येणार आहे, तिने चारूला तसं पत्र लिहिलं आहे.

आबा परवा गाळ्यावर आले. या वेळी आत येऊन बसले. मी चहा सांगितला, तो त्यांनी घेतला. बशीतून चहा पीत म्हणाले, "तुनं तिकडे जाऊन खरं सांगतलं ते बरं केलं. पन माह्यापाशी पहिले काहून नही आली?" मी म्हटलं, तुमच्या मुलाने सांगावं म्हणून थांबले होते. जाताना दारात वळून विचारलं, "तो तुह्यासाठी थांबला व्हता का?" मी म्हटलं, मी त्याच्यासाठी थांबले होते. आबा म्हणाले, "मले सांगतलं असतं तर म्या त्याले मारलं असतं. मंग दोन वर्सांनी घरात घेतलं असतं." आणि गेले.

लीलाधर, तू या माणसाला घाबरलास.

आता ज्यासाठी लिहिते ते. चारूचा निरोप आहे. तिच्याच शब्दांत देते, मी त्यात काही घातलेलं नाही. "दादाला सांग, होमाच्या वेळी माझ्या ओंजळीत लाह्या त्यानं घालायच्या आहेत. मला माफी नको, कारणं नकोत. मान खाली घालून ये म्हणावं, पण ये."

मी तिला विचारलं, आणि तो नाही आला तर? ती म्हणाली, "मग तू घाल. रिकाम्या ओंजळीनं मी उभी राहणार नाही."

आमच्याकडे होम नाही, लाह्या नाहीत. बुद्धवंदना म्हणून लग्न लागतं हे तुला ठाऊक आहे. काल रात्री जेवताना मी पप्पांना विचारलं. ते म्हणाले, विधी त्यांचा असेल, पण ओंजळ तुझ्या मैत्रिणीची आहे ना, मग घाल की.

रविवारी सकाळी मी सावद्याला पोचते. तू आलास तर मागे बायकांत बसेन आणि तुझ्याकडे बघणार नाही. नाही आलास तर उठून पुढे जाईन. चारूने आबांना विचारलं आहे. ते हो म्हणाले.

विशाखा